चार चाकांचे दुमत

रोकडे सरांनी चौतीस वर्षांच्या नोकरीत कधी तासाला उशीर केला असेल, कधी हजेरी घ्यायला विसरले असतील. एकदा तर ते चुकून आठवीच्या वर्गात जाऊन दहावीचा धडा पूर्ण शिकवून आले होते, आणि आठवीच्या मुलांनीही तो निमूट ऐकून घेतला होता. पण सूक्ष्मदर्शकासमोर उभी राहिलेली रांग त्यांनी कधी अर्धी सोडली नव्हती. वर्गात साठ मुलं असोत की सत्तर, प्रत्येकाचा डोळा नळीला लागलाच पाहिजे आणि "दिसलं का?" ह्या प्रश्नाला प्रत्येकानं खरं उत्तर दिलंच पाहिजे, हा त्यांचा नियम. न दिसताच 'दिसलं, दिसलं' म्हणून पुढे सरकणारी मुलं मोठेपणी कमिटीवर जातात, असं त्यांचं ठाम मत होतं.

हा नियम मागच्या श्रावणात मोडला.

अंजूरच्या खाडीकडच्या पाड्यावर चार वर्गांची मिळून एक शाळा आहे. तिथे तेवीस मुलं आणि एक भावनाबाई. निवृत्तीनंतर नरेंद्र रोकडे सर आपल्या जुन्या ट्रकमध्ये प्रयोगशाळा घालून अशा शाळांना जात. त्या दिवशी कांद्याची साल काचेवर ठेवून बारा मुलांचं बघून झालं. तेराव्या मुलीनं, तिचं नाव मैना, नळीला डोळा लावायला मान वाकवली, तेवढ्यात भावनाबाई धावत आल्या. "सर, उधाणाचं पाणी बांधावर चढतंय. आत्ता निघा, नाहीतर उद्याच."

"पुढच्या शनिवारी तुझ्यापासून सुरुवात," असं सांगून सर निघाले. पुढच्या शनिवारी ट्रकच्या इंजिनानं बांधाच्या तोंडाशीच प्राण सोडला.

तेव्हापासून मैना आईबरोबर बाजाराला आली आणि सर कुठे दिसले, की हातातली पिशवी खाली ठेवून विचारी, "सर, माजा तेरावा नंबर हाय ना अजून?"

"आहे हो, आहे," सर म्हणत आणि वांगी न घेताच घरी येत. मैना तिसरीत होती, आता चौथीत आली. चौथीनंतर पाड्यावरची मुलं चार दिशांना पांगतात. म्हणजे मुदत ठरलेली होती, आणि ती सरांच्या हातात नव्हती.

"अहो," एकदा त्यांच्या पत्नी ललिताबाई म्हणाल्या. त्या सरकारी दवाखान्यातून परिचारिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या, आणि दुखतं तिथेच बोट ठेवायची सवय त्यांना नोकरीतून लागली होती. "तो सूक्ष्मदर्शक चार किलोचा. पिशवीत घाला, रिक्षानं अंजूरला जा, पुढे पाऊण तास चाला. झालं."

"ललिता, प्रयोगशाळा पिशवीतून जात नसते."

"भाजी जाते."

"भाजीत आणि विज्ञानात फरक आहे."

"हो. भाजी वेळेवर पोचते."

ह्यावर सरांकडे उत्तर नव्हतं, म्हणून त्यांनी निर्णय घेतला. माणसाजवळ उत्तर नसलं की तो बहुधा निर्णय घेतो. ट्रकला नवं इंजिन घालायचं!

हा ट्रक लष्कराच्या लिलावातून निघालेला, लहान चणीचा आणि चारही चाकांना जोर असलेला. चारही चाकांना जोर म्हणजे काय, हे इथेच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यात आहे. साध्या गाडीत इंजिन दोनच चाकं फिरवतं. उरलेली दोन वरातीतल्या पाहुण्यांसारखी नुसती बरोबर चालतात. ह्या ट्रकमध्ये एक छोटा दांडा ओढला की पाहुणेही कामाला लागतात. मागची चाकं ढकलतात, पुढची ओढतात आणि गाडी चिखलातून बाहेर येते. खारबंधाऱ्यावरून पावसाळ्यात पाड्याला जायचं तर हे असंच वाहन हवं. म्हणून ट्रक विकायचा प्रश्नच नव्हता. इंजिन बंद पडल्यापासून तो राहनाळमध्ये सरांच्या घरासमोर उभा होता आणि ललिताबाई त्याला 'स्मारक' म्हणत.

भिवंडीला लागून असलेलं राहनाळ हे आता गोदामांचं गाव. सरांचे शेजारी अनंता तात्या ह्यांच्याही शेतात भातापेक्षा पत्रे जास्त उगवले होते. त्यामुळे तात्यांना दिवसभर वेळ असे, आणि तो ते सरांच्या ओट्यावर आणून खर्च करीत.

"मास्तर," तात्या म्हणाले, "म्हाताऱ्याला जवान मानसाचं काळीज बसवनार तुमी. बसवा. पन मंग गुडघं कोन बदलनार?"

"म्हणजे?"

"नवीन इंजान जोर लावंल त जुना गिअर तुटंल. गिअर बदलाल त मागचा जॉइंट तुटंल. माज्या मेव्हन्यानं असाच एक टेम्पो केलता. शेवटी जुनी फकस्त नंबरपलेट ऱ्हायली."

सर हसले. पण गोष्ट शास्त्राला धरून होती, हे त्यांना रात्री अंथरुणावर पडल्यावर पटलं. नवीन इंजिन घ्यायचं तर त्याचा गिअरबॉक्स घ्यायला हवा. गिअरबॉक्सच्या मागे एक लोखंडी डबा असतो, तो पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद वाटून देतो. तोही घ्यायला हवा. आणि मग त्या ताकदीला झेपतील असे, चाकांच्या जोड्या फिरवणारे दोन्ही अ‍ॅक्सल. म्हणजे नवीन इंजिन घालायचं ठरलं होतं, पण प्रत्यक्षात जुनी नंबरप्लेट नव्या गाडीला लावायचं काम निघालं होतं.

ह्या कामासाठी दौलत सापडला. खरं म्हणजे तो हरवलेलाच नव्हता. निजामपुऱ्यात तो पंचवीस वर्षं पॉवरलूमचा जॉबर होता. जॉबर म्हणजे माग बसवणारा, जुळवणारा, रुसलेला माग समजूत घालून चालू करणारा माणूस. अलीकडे माग बंद पडू लागले तसं त्यानं त्याच गाळ्यात गॅरेज टाकलं. सरांचा तो जुना विद्यार्थी. विज्ञानात त्याला पस्तीस गुण पडले होते, आणि ते आपल्या शिकवण्यामुळे पडले की आपल्या दयेमुळे, हे सरांना आता आठवत नव्हतं.

"तू गाड्या कधीपासून करतोस?" सरांनी विचारलं.

"सर, टेन्शनच नका घेऊ. लूम काय न् गाडी काय, फिरतं ते मशीन. जे फिरतं ते दौलतला समजतं."

"पृथ्वी पण फिरते."

"ती बिघडली की बघू ना सर."

दौलतनं आठवड्याभरात माल शोधून काढला. एका गोदामाच्या भिंतीवर समोरून आपटलेला, चार वर्षांचा चौचाकी जोराचा पिकअप. इंजिन ठणठणीत, गिअरबॉक्स ठणठणीत, मागचा अ‍ॅक्सल ठणठणीत. फक्त समोरून मार बसल्यानं पुढचा अ‍ॅक्सल इंद्रधनुष्यासारखा वाकला होता.

"काय हरकत नाय," दौलत म्हणाला. "मागचा अख्खा नवीन टाकू. पुढचा तुमचा जुनाच ठेवू, त्याच्या पोटातली चाकं नवीन टाकू. मी आहे ना."

पिकअपचं इंजिन सरांच्या दारात तीन वाशांच्या तिकाटण्याला साखळीनं टांगलं, त्या दिवशी निम्मं राहनाळ जमलं. सरांना राहवेना. इतके श्रोते समोर आणि डोक्यावर प्रत्यक्ष कप्पी! त्यांनी कप्पीचा धडा सुरू केला. एका कप्पीनं फक्त दिशा बदलते, दोन कप्प्यांनी जोर निम्मा लागतो, मग अंतर दुप्पट का होतं, वगैरे. श्रोते शांतपणे ऐकत होते. दौलतही ऐकत होता. फरक एवढाच, की त्याच्या हातात साखळी होती आणि साखळीला इंजिन होतं.

"कुणाला काही शंका?" शेवटी सरांनी विचारलं.

"सर," दौलत दात आवळून म्हणाला, "सोडू का?"

मागून एका गृहस्थानं हात वर केला. "अ‍ॅव्हरेज किती देते?"

ही शंका त्या दिवशी सरांना अकरा जणांनी विचारली. भिवंडीत विमान जरी उतरलं, तरी लोक आधी वैमानिकाला अ‍ॅव्हरेज विचारतील.

इंजिन आत गेलं, पण चार बोटं लांब निघालं. त्यामुळे रेडिएटर पुढे सरकला आणि बॉनेट लागेना. बॉनेट लागावं म्हणून त्याला भोक पाडलं, भोकातून पाऊस जाऊ नये म्हणून त्यावर ललिताबाईंचं एक अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं उपडं घालून रिबिटानं बसवलं. पातेलं घेताना ललिताबाई घरात नव्हत्या. घरात आल्यावर त्यांनी स्वयंपाकघरात शोधाशोध केली, खिडकीतून बाहेर बघितलं आणि दोन दिवस सरांना खिचडी टोपाऐवजी कुकरच्या डब्यात वाढली.

शिवाय चार चाकांना जोर देणारा तो छोटा दांडा नेमका शेजारच्या माणसाच्या गुडघ्याशी बाहेर आला. चालवणाऱ्याचा हात तिथे पोचेना.

"म्हणजे हा दांडा मी ओढायचा?" ललिताबाईंनी विचारलं.

"गरज पडली तरच."

"सदतीस वर्षांच्या संसारात गरज पडली नाही असं एकदा तरी झालंय का?"

मग अ‍ॅक्सलची पाळी. मागचा अख्खाच होता, तो निमूट बसला. पुढच्याचं पोट उघडून दौलतनं त्यात नवी दातेरी चाकं बसवली. अ‍ॅक्सलच्या पोटात एक मोठं दातेरी चाक असतं, गॅरेजवाले त्याला क्राऊन म्हणतात. ते उजवीकडे बसवायचं की डावीकडे, हा प्रश्न एका क्षणापुरता दौलतसमोर उभा राहिला. पण पंचवीस वर्षांचा अनुभव अशाच क्षणी कामाला येतो. दौलतनं झाकण लावलं, हात पुसले आणि सरांना गाडीखाली बोलावलं.

"बघा सर. जोडी कशी बसली! एकदम समोरासमोर. मागच्याचं मोठं चाक ह्या साइडला, पुढच्याचं पण ह्याच साइडला. लाइनीत."

सर मातीत पाठीवर पडून बघत होते. खरोखरच देखणं दिसत होतं. मधोमध आरसा धरावा आणि एकाचं प्रतिबिंब म्हणजे दुसरं, असं.

"वा!" सर म्हणाले. "ह्याला म्हणतात सममिती."

हा शब्द ऐकून दौलतला आपण काहीतरी मोठं केल्यासारखं वाटलं, आणि ते खरंच होतं.

दोघांनी गाडी राहनाळच्या सिमेंटच्या रस्त्यावर चालवून पाहिली. वाऱ्यासारखी पळाली. "आता तो दांडा ओढून बघू," दौलत म्हणाला. पण सरांनी त्याचा हात धरला. त्यांनी पुस्तकात वाचलं होतं. वळताना पुढची चाकं मोठा फेरा घेतात, मागची लहान. मातीत चाकं घसरून तो फरक भरून काढतात, पण कोरड्या पक्क्या रस्त्यावर चारही चाकं एकत्र जुंपली तर आतले दाते मोडू शकतात. नियम अगदी खरा आहे. सरांनी तो दौलतला सांगितला, तात्यांना सांगितला, ललिताबाईंना दोनदा सांगितला. नियम पाळला गेला आणि दांडा कुणीही ओढून बघितला नाही.

आता राहिला फक्त सरकारी शिक्का. इंजिन बदललं की त्याची नोंद गाडीच्या कागदांवर व्हावी लागते, नाहीतर गाडी भंगारात. सर अर्ज घेऊन आरटीओच्या खिडकीशी गेले.

"इंजिन बदलायची परवानगी इंजिन बदलायच्या आधी घ्यायची असते," खिडकीतले गृहस्थ म्हणाले.

"पण मी तर बदललं. आता काय करू?"

"आता आधी घ्या."

सरांनी आयुष्यभर मुलांना काळाच्या एकाच दिशेनं जाण्याबद्दल शिकवलं होतं. त्या वाक्याचा व्यवहारात अर्थ काय, हे समजायला त्यांना दोन महिने, सात फेऱ्या आणि तीन प्रतिज्ञापत्रं लागली. मधे गाडीच्या चौकटीवर कोरलेल्या चासी नंबरचा पेन्सिलीनं ठसा काढून आणायला सांगितलं. चासी नंबर रंगाच्या सात थरांखाली होता. सर तीन दिवस चाकूनं रंग खरवडत बसले. हिरव्याखाली करडा, करड्याखाली पिवळा. तात्या बाजूला बसून सांगत होते, "अजून खाली जावा मास्तर, पानी लागंल."

तपासणीच्या दिवशी सरांनी सगळी प्रयोगशाळा ट्रकमध्ये भरली होती. 'वापराचा हेतू' ह्या रकान्यात त्यांनी 'शैक्षणिक' असं लिहिलं होतं, तेव्हा पुरावा हवा. प्लॅस्टिकचा मानवी सांगाडा मागे मावेना, म्हणून तो पुढच्या सीटवर पट्टा लावून बसवला होता. तपासणीचे साहेब आले, दार उघडलं आणि थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

"हे कोण?"

"सांगाडा आहे, साहेब. आठवीला."

"प्रवासी की माल?"

सर गोंधळले. "म्हणजे... तसा तो माणूसच, पण..."

"गाडी मालवाहू आहे. प्रवासी असेल तर चालणार नाही. माल असेल तर मागे टाका."

"मागे त्याची हाडं हादरतात, साहेब. दोनशे सहा आहेत."

"माझीपण तेवढीच आहेत," साहेब म्हणाले. "रोज चाळीस गाड्यांत बसतो."

सांगाडा मागे गेला, साहेब पुढे बसले. फेरी झाली, ब्रेक झाले, दिवे झाले. मग त्यांचं लक्ष गुडघ्याशी गेलं. "हा दांडा कसला? लावून दाखवा."

"डांबरावर लावत नसतात, साहेब," सर म्हणाले आणि गाडी बाजूला घेऊन त्यांनी प्रयोगशाळेतल्या डब्यांची दोन झाकणं काढून चाकांसारखी फिरवून दाखवली. मोठा फेरा, लहान फेरा, दाते, ताण. वीस मिनिटं झाली. मागे गाड्यांची रांग लागली. पंचविसाव्या मिनिटाला साहेबांनी पेन मागितलं.

"समजलं का?" सरांनी विचारलं.

"मी सही करतो," साहेब म्हणाले.

असा हा ट्रक श्रावणाच्या दुसऱ्या शनिवारी पाड्याला निघाला. मैनाचा नंबर हुकल्याला बरोबर वर्ष झालं होतं. पुढे सर आणि ललिताबाई, मागे दौलत आणि सांगाडा. तात्या स्कूटरवरून मागोमाग आले. "गंमत बघाला येतंय," असं त्यांनी स्पष्टच सांगितलं, हा त्यांचा प्रामाणिकपणा.

बांधाच्या तोंडापर्यंत गाडी झोकात आली. मागच्या वर्षी जिथे इंजिन मेलं होतं ती जागा आली आणि गेली. सरांनी तिच्याकडे बघितलंही नाही. पुढे दोनशे पावलांवर शाळा दिसत होती. शेवटच्या वळणावर मात्र चिखल लोण्यासारखा झाला होता. मुलं धावत आली, तीच तेवीस; यंदा चौथी ओलांडून कुणी गेलं नव्हतं की पहिलीत कुणी नवं आलं नव्हतं. भावनाबाई नवी साडी नेसून अगदी गाडीच्या समोर उभ्या राहिल्या आणि दोन्ही हातांनी 'या, या' करू लागल्या. मागची चाकं जराशी घसरली.

ह्या क्षणासाठी सर वर्षभर जगले होते.

"ललिता," ते शांतपणे म्हणाले, "दांडा."

ललिताबाईंनी पदर खोचून दांडा ओढला. आत कुठेतरी खट्ट झालं. सरांनी पाय दाबला.

नवं इंजिन गरजलं. गाडी थरथरली, जरा उचलल्यासारखी झाली आणि होती तिथेच राहिली. पुढच्या चाकांनी उडवलेला चिखल समोर भावनाबाईंवर आणि पहिल्या दहा मुलांवर पडला. मागच्या चाकांनी उडवलेला चिखल मागे तात्यांवर आणि त्यांच्या स्कूटरवर पडला. सरांना वाटलं, जोर कमी पडतोय. त्यांनी आणखी दाबला. जोर अजिबात कमी नव्हता. पहिल्यांदाच तो पूर्ण वापरला जात होता, आणि गाडी एक इंच न हलता, कुठेही न कलता, अगदी समतोल अशी खाली खाली जात होती. चारी चाकं निम्मी गाडली गेली तेव्हा ललिताबाईंनी हात लांब करून किल्ली फिरवली.

बॉनेटवरच्या पातेल्याखालून वाफ येत होती.

"इंजिन एकदम फिट आहे सर," मागून दौलत म्हणाला.

सर खाली उतरले. गुडघ्यापर्यंत चिखलात गेले, एक चप्पल तिथेच राहिली. नवी साडी ओळखू येत नव्हती. बाई फक्त चष्म्याच्या काचांवरून ओळखू येत होत्या. सरांचा चेहरा उतरला. वर्ष, सात फेऱ्या, तीन प्रतिज्ञापत्रं, आणि शाळा दोनशे पावलांवर. "बाई," ते हात जोडून म्हणाले, "मला फार वाईट वाटतं, तुमच्या साडीवर चिखल..."

आणि ते थांबले.

"बाई, तुम्ही तर पुढे उभ्या होता."

"मग कुठे उभी राहू?" भावनाबाई म्हणाल्या.

पण सर ऐकत नव्हते. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत होता. फळ्याकडे वळताना व्हायचा तसा तो झाला. ते मुलांकडे वळले.

"मुलांनो, सायकल चिखलात जोरात मारली तर चिखल कुठे उडतो?"

"मागं!" सगळी ओरडली. "पाठीवं!"

"पाठीवर. म्हणजे चाक पुढे जात असलं तर चिखल मागे. बरोबर? आता सांगा, तात्यांवर उडाला तो कुठल्या चाकाचा?"

"मागच्या!"

"तात्या मागे होते. म्हणजे मागची चाकं पुढे चालली होती. ठीक आहे. आणि बाईंवर उडाला तो?"

सर थांबले. उत्तर स्वतः सांगायचं नाही, हा त्यांचा दुसरा नियम. चिखलानं माखलेली एक मुलगी पुढच्या चाकाशी वाकली, चाकाकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, बोटानं हवेत एक गोल काढला.

"सर," मैना म्हणाली, "फुडची चाकं मागं चालली व्हती."

"शाबास!" सर ओरडले. भर चिखलात, स्वतःच्या फजितीवर, इतक्या आनंदानं ओरडलेला माणूस पाड्यानं पहिल्यांदाच पाहिला. "म्हणजे मागची चाकं म्हणतात शाळेत जाऊ, पुढची म्हणतात घरी जाऊ!"

मागे दौलत सांगाड्याच्या आडोशाला सरकत होता. सरांनी नुसतं त्याच्याकडे बघितलं. ही नजर आठवी ब मध्ये प्रसिद्ध होती.

"सर," दौलत उतरून मान खाली घालून म्हणाला, "लूम नेहमी जोडीत बसवतात ना. समोरासमोर. मधे गल्ली, गल्लीत एक कारागीर उभा, दोन्ही बघतो. दोघांची चाकं एकाच साइडला पाहिजे, म्हणून एक लूम लेफ्ट असतो, एक राइट. उलटसुलट. मी म्हटलं, अ‍ॅक्सल पण समोरासमोर आहेत... तर एक लेफ्ट केला, एक राइट."

"अरे, मागांना कुठे जायचं नसतं!" सर म्हणाले. "गाडीला जायचं असतं!"

"पण सर, तुम्ही म्हणालात ना, वा, म्हणून."

सगळ्यांनी सरांकडे बघितलं. ललिताबाईंनी जरा जास्तच. सरांच्या तोंडाशी आलं, की मी तर सममितीबद्दल म्हणालो होतो. पण समोर तेवीस मुलं होती, आणि तेवीस मुलांसमोर खोटं बोलणं सरांना कधी जमलं नव्हतं.

"हो," ते म्हणाले. "माझी चूक. मला सुंदर दिसलं, म्हणून मला ते बरोबर वाटलं. निम्मी चूक माझी."

"मोटी निम्मी," तात्या चिखल पुसत म्हणाले. "दुसरी बारकी ह्याची. मी उद्या टॅक्टर आनतंय, आज भरती हाय."

तात्यांनी शब्द पाळला, दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर आणला. पुढे आठवड्यानं दौलतनं पुढच्या लेफ्टाचा राइट केला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. पण ते नंतरचं. त्या वेळी सर गाडीच्या मागच्या पायरीवर बसले होते आणि उरलेली एक चप्पल हातात घेऊन तिच्याकडे बघत होते.

कुणीतरी त्यांची बाही ओढली.

"सर, गारी ऱ्हाऊ द्या तिथंच. माजा नंबर तेरावाच हाय ना?"

सरांनी वर बघितलं. मग ते उठले. फाळका खाली पाडला, सांगाड्याला कोपऱ्यात केलं, सूक्ष्मदर्शक पुसून कडेला उजेडात ठेवला. "ललिता, कांद्याचा डबा."

ललिताबाई सांगाड्यावरचा चिखल पुसू लागल्या.

"ललिता?"

"तो पोह्यात गेला. प्रयोगाचा आहे असं कांद्यावर लिहिलं नव्हतं."

सरांनी एक क्षण डोळे मिटले. मग वाकून, पुढच्या चाकानं खणलेल्या खड्ड्यात साचलेल्या पाण्याचा एक थेंब काडीनं उचलला, काचेवर ठेवला, आरसा वळवला. अकरा मुलं आपोआप रांगेत उभी राहिली. वर्ष होऊन गेलं होतं, पण कुणाच्या मागे कोण, ह्यात एकही चूक झाली नाही. ज्यांचं मागच्या वर्षी बघून झालं होतं ती बारा बाजूला उभी राहून, आपण जुने जाणकार असल्यासारखी सूचना देऊ लागली.

मैनानं एक डोळा हातानं झाकला, दुसरा नळीला लावला.

"दिसलं का?"

"न्हाय."

"घाई करू नको. हे चाक हळूच फिरव. दिसलं?"

"न्हाय, सर." मागची मुलं ढोसत होती, पण ती हलली नाही. "थांबा... हाय. कायतरी हाय. सर! पलतंय! इकरून तिकरं पलतंय!"

"काय हाय? बगू, बगू!" तात्या चिखलाचा पाय उचलून फाळक्यावर चढू लागले. "मास्तरांच्या गारीत पलनारं काय निंगालं, ते मना आधी बगू द्या!"

"तात्या, खाली उतरा," सर नळीवरून नजर न काढता म्हणाले. "रांग आहे. तुमचा चोविसावा नंबर."

तात्या उतरले आणि शेवटच्या मुलाच्या मागे जाऊन उभे राहिले.